एक्झिक्युटिव्ह एमबीए करू पाहणाऱ्या बायकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चाळिशीत एक्झिक्युटिव्ह एमबीए केलं. तेव्हापासून ओळखीच्या आणि ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायकांचे निरोप येत असतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते आहे. प्रश्नांचे शब्द शक्यतो विचारणारीचेच ठेवलेत. उत्तराचा काही भाग दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. एक्झिक्युटिव्ह एमबीए म्हणजे नेमकं काय? साध्या एमबीएपेक्षा वेगळं काय असतं?

नोकरी न सोडता करायचं एमबीए. शिकागो विद्यापीठाने १९४३ साली असा पहिला कोर्स सुरू केला. हल्ली बहुतेक ठिकाणी एक आड एक शनिवार-रविवार वर्ग असतात, किंवा महिन्यातून एकदा सलग तीन-चार दिवस. एकूण दीड ते दोन वर्षं जातात. विषय तेच: अकाउंटिंग, फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, स्ट्रॅटेजी. वर्गातली माणसं मात्र वेगळी. पूर्णवेळ एमबीएला बहुतेक जण तिशीच्या आतले असतात, इथे सरासरी वय अडतिसाच्या आसपास असतं. कॅम्पस प्लेसमेंट सहसा नसते, कारण सगळेच आधीपासून कुठे ना कुठे कामाला असतात.

नावावर जाऊ नका. काही ठिकाणी एका वर्षाच्या पूर्णवेळ कोर्सलाही 'एक्झिक्युटिव्ह' म्हणतात आणि सहा आठवड्यांच्या सर्टिफिकेट कोर्सलाही. माहितीपत्रकात दोनच गोष्टी आधी शोधा: नोकरी चालू ठेवता येते का, आणि शेवटी हातात पदवी पडते की प्रमाणपत्र.

२. या वर्गांत बायका एवढ्या कमी का दिसतात? आपल्यालाच नको असतं का?

जगभराचा हिशेब काढला तर साधारण तीन विद्यार्थ्यांत एक बाई असते. 'नकोच असतं' हे उत्तर मला पटत नाही, कारण पूर्णवेळ एमबीएचं चित्र वेगळं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलने दोन वर्षांच्या एमबीएच्या पहिल्या वर्षाला बायकांना थेट प्रवेश दिला तो १९६३ साली, आणि तेव्हा त्या आठ जणी होत्या. २०२१ साली अमेरिकेतल्याच व्हार्टन या बिझनेस स्कूलच्या पूर्णवेळ एमबीएच्या नव्या तुकडीत बायका निम्म्याहून जास्त होत्या. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षी आवड असते, डोकं असतं, महत्त्वाकांक्षाही असते. अडतिसाव्या वर्षी वर्गात मात्र तिसरा हिस्साच उरतो. गळती मधल्या दहा वर्षांत होते.

त्या दहा वर्षांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: बाळंतपण, थांबलेली बढती, घरातल्या म्हाताऱ्या माणसांची आजारपणं. पण मला त्याहून मोठं वाटणारं कारण साधं आहे. या कोर्सला जाणाऱ्या बऱ्याच जणांना आधी कुणीतरी 'तू कर' असं म्हटलेलं असतं. माझ्या वर्गातल्या पुरुषांना मी विचारत असे, हे डोक्यात कुठून आलं? बहुतेकांचं उत्तर 'साहेब म्हणाले' असं होतं. आम्ही बायका बहुतेक सगळ्या स्वतः माहिती काढून, स्वतः विचारून आलेलो होतो. कुणी सुचवलंच नाही, तर हा रस्ता आपल्यासाठी आहे हेच कित्येकींच्या लक्षात येत नाही. साहेबांच्या खुर्चीत तुम्ही असाल तर थेट प्रश्न १५ वाचा.

३. माझं वय ४४ आहे. उशीर झाला का?

नाही. या वर्गात पन्नाशीचे लोकही असतात. वय बघू नका, पुढे किती वर्षं काम करायचं आहे ते बघा. पंधरा वर्षं करायचं असेल तर दोन वर्षं काढणं परवडतं. तीन वर्षांत थांबायचा विचार असेल तर ही पदवी हौसेसाठी करा, जरूर करा, पण पैशाचा हिशेब मांडू नका.

४. माझ्या पदात 'मॅनेजर' हा शब्द नाही आणि हाताखाली टीमही नाही. मला घेतील का?

बऱ्याचदा घेतात. कॉलेजं साधारण आठ-दहा वर्षांचा अनुभव मागतात आणि त्यातला काही भाग जबाबदारीच्या कामाचा हवा असतो. जबाबदारी म्हणजे माणसं सांभाळणंच असं नाही. बजेट, मोठा ग्राहक, एखादं उत्पादन, कायदे-नियमांचं पालन, यंत्रणा बदलण्याचं काम, यातलं काहीही चालतं. तुमचा निर्णय चुकला असता तर नुकसान कुणाचं आणि किती झालं असतं, हे दाखवता आलं पाहिजे.

अडचण बहुधा अनुभवात नसते, तो लिहिण्यात असते. माझ्या अर्जाचा पहिला मसुदा एका सहकाऱ्याने वाचला आणि फक्त क्रियापदांवर पेन्सिलीने गोल केले. 'समन्वय साधला.' 'मदत केली.' 'सहभाग होता.' 'पाठपुरावा केला.' पानभर सात गोल होते, आणि एकाही वाक्यात मी काही ठरवलेलं नव्हतं! 'पुरवठादारांशी समन्वय साधला' या ओळीमागची खरी गोष्ट अशी होती की अकरा पुरवठादारांचे करार मी नव्याने बोलून ठरवले होते आणि त्यातल्या आठ जणांना पैसे द्यायची मुदत तीस दिवसांवरून पंचेचाळीसवर नेली होती. दुसऱ्या मसुद्यात तेच लिहिलं. फुशारकी मारतोय असं वाटलं, पण त्यात खोटं काही नव्हतं.

तुमचाही अर्ज कुणाला तरी असाच वाचायला द्या. आपले गोल आपल्याला दिसत नाहीत.

५. मधली चार वर्षं मी घरी होते. हे लपवू का?

लपवू नका. तारखा जुळत नाहीत हे पहिल्या नजरेत कळतं. एका ओळीत लिहा: अमुक ते अमुक काळ कामातून बाहेर होते, कारण हे, परत आले या पदावर. माफीचा सूर नको आणि त्या काळात 'घर सांभाळताना मी व्यवस्थापन शिकले' असा निबंधही नको. परत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल तर अर्ज जास्त भक्कम होतो, कारण शिफारसपत्र देणारा माणूस ताज्या कामाबद्दल बोलू शकतो. अजून परत आलाच नसाल तर आधी नोकरी बघा. चालू कामावर वर्गातलं वापरून बघणं हाच या कोर्सचा अर्धा फायदा आहे.

६. प्रवेश परीक्षा असते का? गणित सुटून वीस वर्षं झाली.

काही कॉलेजं परीक्षा घेतात, काही अनुभव बघून माफ करतात. जीमॅट ही एमबीएची नेहमीची प्रवेश परीक्षा. ती घेणाऱ्या संस्थेने, म्हणजे जीमॅकने, २०१६ साली खास अनुभवी लोकांसाठी 'एक्झिक्युटिव्ह असेसमेंट' नावाची वेगळी परीक्षा आणली. ती दीड तासाची आहे. ४० प्रश्न, तीन भाग, प्रत्येकाला ३० मिनिटं: इंटिग्रेटेड रीझनिंग, व्हर्बल आणि क्वांटिटेटिव्ह. भूमिती नाही. गुण पाच वर्षं चालतात. जीमॅट सव्वादोन तासांची आहे आणि तिची तयारी जास्त लागते, तेव्हा कॉलेज दोन्ही स्वीकारत असेल तर एक्झिक्युटिव्ह असेसमेंट बघा.

गणिताबद्दल: लागतं ते शाळेतलं, म्हणजे शेकडेवारी, गुणोत्तर, समीकरणं, थोडी संख्याशास्त्राची ओळख. रोज पाऊण तास दिला तर दोन-अडीच महिन्यांत हात परत बसतो. माझं पहिल्या सराव परीक्षेत गुणोत्तराच्या सोप्या प्रश्नावर अडलं होतं आणि मला रडू आलं होतं, हे इथे सांगून ठेवते. वर्गात गेल्यावर कळलं की इंजिनिअरांचीही ताळेबंद वाचताना तशीच तारांबळ उडते.

७. कंपनीकडे पैसे कसे मागायचे?

आधी हे लक्षात घ्या की मागायच्या गोष्टी दोन आहेत, पैसे आणि वेळ. दोन्ही एका वाक्यात मागितल्या की समोरचा पैशाला नाही म्हणतो आणि वेळेचा विषय तिथेच संपतो. वेगवेगळं मागा. पैसे नसले तरी 'वर्गाच्या शुक्रवारी मी नसेन, ती सुट्टी माझ्या रजेतून कापली जाणार नाही' एवढं लेखी मिळालं तरी ते मोठं आहे. कित्येक कॉलेजं फीचं सोडून देतात, पण वेळेबद्दल कंपनीचं पत्र मागतातच.

बोलायला जाताना अर्ध्या पानाचं टिपण घेऊन जा. त्यात कोर्सचं नाव आणि वर्गाच्या तारखा, त्या दिवसांत तुमचं काम कोण बघणार, आणि कंपनीचा चालू असलेला एखादा प्रश्न जो तुम्ही प्रोजेक्ट म्हणून सोडवाल, एवढंच. 'माझ्या विकासासाठी' हे शब्द त्या पानावर नसले तरी चालेल. पुढच्या वर्षाचं बजेट ठरायच्या दोन-तीन महिने आधी जा. बजेट ठरल्यावर गेलात तर साहेबांची इच्छा असूनही हात बांधलेले असतात.

पैसे मिळाले तर बाँड येतो. म्हणजे कोर्स संपल्यावर ठरावीक काळ, बऱ्याचदा दोन वर्षं, कंपनी सोडायची नाही, सोडली तर पैसे परत. सही करण्याआधी तीन ओळी शोधा. परतफेड काळाच्या प्रमाणात कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्णच राहते? कंपनीनेच तुम्हाला कमी केलं तर? बाळंतपणाची रजा बाँडच्या काळात धरतात की बाँड तेवढा पुढे सरकतो? शेवटची ओळ बहुतेक करारांत नसतेच. ती लिहून घ्या.

८. कंपनी नाही म्हणाली. आता?

बरेच जण स्वतःच्या पैशाने करतात, तेव्हा विषय संपला असं समजू नका. कॉलेजला अर्ज करायच्या आधीच विचारा की बायकांसाठी वेगळी स्कॉलरशिप आहे का आणि तिची मुदत कधीची. ही मुदत प्रवेशाच्या शेवटच्या मुदतीच्या कितीतरी आधी संपलेली असू शकते. बिझनेस स्कूल्स आणि कंपन्यांनी मिळून २००१ साली उभी केलेली फोर्टे फाउंडेशन ही संस्था तिच्या भागीदार कॉलेजांमार्फत फेलोशिप देते आणि त्यात एक्झिक्युटिव्ह एमबीएही येतं. कंपन्यांच्या संचालक मंडळांत बायका वाढाव्यात म्हणून ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'थर्टी पर्सेंट क्लब'नेही काही कॉलेजांबरोबर बायकांसाठी अशा जागा ठेवल्या आहेत. मिळणारी रक्कम सहसा फीचा एक हिस्सा असते, सगळी फी नाही.

स्वतःच्या पैशाने केल्याचा एक फायदाही आहे: बाँड नाही. पदवी हातात आल्यावर कुठे जायचं ते तुम्ही ठरवता.

९. घातलेले पैसे परत मिळतात का? आणि संचालक मंडळावर जायला ही पदवी उपयोगी पडते का?

कॉलेजच्या माहितीपत्रकात पगारवाढीचा एक सरासरी आकडा असतो. त्याच्याकडे संशयाने बघा. ज्यांचं बरं झालं ते सर्व्हेला उत्तर देतात. शिवाय या वर्गात येणारे लोक आधीच चढत्या वाटेवर असतात, त्यांची काही बढती पदवीशिवायही झालीच असती. त्यापेक्षा तुमच्यासारखं पद आणि तुमचंच क्षेत्र असलेल्या तीन माजी विद्यार्थिनींशी बोलायला मागा. कॉलेजने तीन नावं दिली नाहीत तर तेही उत्तरच आहे.

तुमचा हिशेब तुम्हीच मांडा. फी, प्रवास, मुक्काम, बुडालेली रजा एका बाजूला. दुसऱ्या बाजूला, ज्या पदासाठी हे करताय त्याचा आणि आताच्या पगारातला फरक. तो फरक चार-पाच वर्षांत खर्च भरून काढत नसेल तर कर्ज काढून करू नका, असं मी स्पष्ट सांगते.

संचालक मंडळाचं म्हणाल तर कायद्यांनी दार थोडं उघडलंय. नॉर्वेने २००३ साली मोठ्या सार्वजनिक कंपन्यांच्या मंडळांत दोन्ही लिंगांना किमान ४० टक्के जागा देणारा कायदा केला. युरोपीय संघाने २०२२ साली नोंदणीकृत कंपन्यांसाठी तशाच दिशेचा नियम केला आणि त्याला जून २०२६ ची मुदत दिली. पण नुसत्या पदवीवर त्या खुर्चीत कुणी बसवत नाही. तिथे नावं सुचवली जातात ती ओळखीतून, आणि या कोर्समधून ओळखी मात्र भरपूर होतात.

१०. मुलं लहान आहेत. वेळ कुठून आणायचा?

वर्ग सोडून आठवड्याला पंधरा-वीस तास अभ्यासाला लागतील असं धरून चला. हे तास घरातून आणि झोपेतून येतात, झोपेतले कमी घ्या.

आमच्या घरी प्रवेश मिळाल्यावर एका रविवारी मोठा कागद घेऊन बसलो. डावीकडे काम, उजवीकडे कोण करतं. 'मदत' हा रकाना मुद्दाम ठेवला नव्हता. सव्वीस कामं निघाली, एकोणीस माझ्या नावावर. नवऱ्याला एकोणीस या आकड्याचं आश्चर्य वाटलं आणि मला त्याच्या आश्चर्याचं! गंमत म्हणजे वाद घालायला लावणारी कामं मोठी नव्हतीच. 'शाळेच्या ग्रुपवरचे निरोप वाचणे' हे काम आहे हेच मुळात त्याला मान्य करायला अर्धा तास लागला. शेवटी ते अख्खं त्याच्याकडे गेलं, म्हणजे वाचायचं, लक्षात ठेवायचं आणि चित्रकलेची वही आदल्या रात्री आणायचीही त्यानेच. पहिल्या महिन्यात वही दोनदा राहिली. मुलाचं काही बिघडलं नाही. मला मात्र गप्प बसणं फार जड गेलं.

अख्खं काम द्या, तुकडा देऊ नका. 'मी सांगेन तसं तू कर' यात तुमचा वेळ वाचत नाही.

एकट्याने मूल वाढवत असाल तर वर्गाच्या तारखा वर्षभरासाठी आधीच मागून घ्या आणि प्रत्येक तारखेला दोन माणसं ठरवा, एक नेहमीचं आणि एक अडीअडचणीचं. तारखा वर्षभराच्या मिळत नसतील तर ते कॉलेज तुमच्यासाठी नाही.

११. कोर्स चालू असताना दिवस गेले तर?

बऱ्याच कॉलेजांत तुम्ही एखादं सत्र थांबून पुढच्या तुकडीबरोबर पूर्ण करू शकता. प्रवेश घेण्याआधी ईमेलवर विचारा: पुढच्या तुकडीत गेल्यावर वाढलेली फी द्यावी लागते का, स्कॉलरशिप टिकते का, पदवी पूर्ण करायची कमाल मुदत किती. 'आत्ताच हे विचारलं तर प्रवेश नाकारतील' ही भीती असेल तर प्रवेशाचं पत्र आल्यावर आणि फी भरायच्या आधी विचारा. कंपनीच्या पैशाने करत असाल तर प्रश्न ७ मधली बाँडची शेवटची ओळ पुन्हा वाचा.

थांबण्याचा एक तोटा माहितीपत्रकात नसतो. तुकडी बदलली की अभ्यासगट बदलतो, आणि नव्या गटाची घडी आधीच बसलेली असते.

१२. ऑनलाइन करू का?

दर महिन्याचा प्रवास अशक्यच असेल तर करा, पण निदान काही आठवडे प्रत्यक्ष वर्ग असलेला निवडा. पडद्यावर फायनान्स शिकता येतं, माणसं जोडणं अवघड जातं.

१३. चांगलं कॉलेज कसं ओळखायचं?

आंतरराष्ट्रीय मान्यता तीन: एएसीएसबी, एक्विस आणि अँबा. तिन्ही असतील तर त्याला 'ट्रिपल क्राउन' म्हणतात. मान्यता नाही म्हणजे कॉलेज वाईट असं नाही, पण मग जास्त खोदून विचारा. बायकांनी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं. मागच्या तुकडीत बायका किती होत्या (टक्केवारी नको, संख्या सांगा म्हणावं), शिकवणाऱ्यांत किती आहेत, आणि एका अभ्यासगटात किती बायका ठेवता. शेवटच्या प्रश्नाचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

१४. गटात मी एकटीच बाई असेन. त्रास होतो का?

छळ म्हणावा असं मला काही दिसलं नाही, पण घसरण असते. कॉलेजं 'प्रत्येक गटात एक' अशी बायका वाटतात, हेतू चांगला असतो. मग पहिल्याच बैठकीत कुणीतरी म्हणतं, तुझं अक्षर छान आहे, तू टिपणं घे. तिसऱ्या बैठकीपर्यंत टिपणं, तारखा, हॉटेलचं बुकिंग सगळं तुमच्याकडे आणि एक्सेल मॉडेल दुसऱ्याकडे. परीक्षेत विचारतात ते मॉडेल.

पहिल्या बैठकीत आपणच सांगायचं: टिपणं फिरती ठेवूया, या वेळी अमुक, पुढच्या वेळी तमुक. आणि ज्या विषयाची भीती वाटते तोच भाग स्वतःहून मागून घ्यायचा. मी व्हॅल्युएशनचं, म्हणजे कंपनीची किंमत काढायचं, मॉडेल घेतलं. दोनदा चुकलं, गटातल्या एकाने रात्री अकराला फोनवर बसून माझ्याबरोबर चूक शोधली. सहा ओळींत मी महागाई दोनदा धरली होती. तो विषय मला आजही येतो.

१५. मी स्वतः करणार नाही, पण माझ्या हाताखालच्या एकीने करावं असं वाटतं. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात कमी येतो आणि मला सगळ्यात जास्त आवडतो.

पहिलं, कोर्सचं नाव घेऊन बोला. 'तू पुढे काहीतरी शिक' हे कुणी विसरून जातं. 'अमुक कॉलेजचा कोर्स बघ, सप्टेंबरात मुदत आहे, शिफारसपत्र मी देतो' हे विसरता येत नाही. दुसरं, तिचं काम खरोखर कमी करा. वर्गाच्या शुक्रवारी तिला फोन जात राहिले तर तुम्ही तिला पाठवलंच नाही. तिसरं, कंपनीत कुणाला पाठवायचं हे कसं ठरतं ते तपासा. साहेबांनी नावं सुचवायची पद्धत असेल तर दरवर्षी सगळ्या पात्र लोकांना एकाच दिवशी एकच ईमेल पाठवा: ही सोय आहे, ही मुदत आहे, अर्ज असा करा. या एका ईमेलला काहीही खर्च येत नाही.

शिफारसपत्र लिहाल तेव्हा 'मेहनती, मनमिळाऊ, विश्वासू' हे तीन शब्द खोडा आणि तिने घेतलेला एक निर्णय लिहा. प्रश्न ४ मधली पेन्सिल इथेही चालवा.

१६. मी सुचवलं, पण ती नको म्हणाली. मग?

तिला सोडून पुढच्याला देऊ नका लगेच. विचारा, कशाला नको? कोर्सला, या वर्षाला, की बाँडला? माझ्या ओळखीच्या एकीने सलग दोन वर्षं नाही म्हटलं होतं, कारण तिला वाटत होतं की वर्ग पूर्ण आठवडाभर असतात. कुणी तारखा दाखवल्याच नव्हत्या. तेव्हा तारखांचा कागद समोर ठेवून विचारा, आणि तरीही नाही आलं तर पुढच्या वर्षी बजेटच्या आधी पुन्हा विचारायची नोंद आजच करून ठेवा.